ओपनिंग ॲक्टला वेळेवर पोचा : वाचकांचे प्रश्न, एका फॅनची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की नवा कलाकार आवडतोय की नाही हे त्याला लाइव्ह ऐकल्याशिवाय ठरवू नका, रीलमधल्या पंधरा सेकंदांवर तर अजिबातच नको. त्यावर खूप प्रश्न आलेत, काही रागावलेले, काही एकदम कामाचे. सगळे घेता आले नाहीत, एकाच मुद्द्याचे बरेच होते ते एकत्र केलेत. ज्यांनी वय विचारलंय त्यांच्यासाठी, एकवीस. मी स्वतः काही वाजवत नाही की गात नाही, मी ऐकते, आणि जीव लावून ऐकते.

प्रश्न : हल्लीचे सगळे नवे गायक मला एकसारखेच वाटतात. तुझ्या पिढीतला एक तरी असा सांग जो दहा वर्षांनीही ऐकला जाईल. (एक निवृत्त शिक्षक)

काका, एक कशाला, तीन नावं देते, आणि तिघींची गोष्ट वाचलीत की कळेल, आपण ज्यांना 'नवे' म्हणतो ते लोक किती वर्षं घासून आलेले असतात.

पहिली अमेरिकेची पॉप गायिका चॅपल रोन. ऑगस्ट 2024 मध्ये शिकागोच्या लोलापलूझा फेस्टिव्हलला तिच्या दुपारच्या सेटला इतकी तुफान गर्दी झाली की सगळे विचारायला लागले ही अचानक आली कुठून. अचानक वगैरे काही नाही हो. शाळकरी वयात एका मोठ्या लेबलने, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीने, साइन केलं, 2020 मध्ये त्याच लेबलने सोडून दिलं, मग ही घरी परत गेली, पोटासाठी साधी कामं केली, परत उभी राहिली, सप्टेंबर 2023 मध्ये पहिला अल्बम आला आणि तोसुद्धा आल्या आल्या काही फार गाजला नाही. 2024 च्या सुरुवातीला ऑलिव्हिया रॉड्रिगो ह्या गायिकेच्या टूरवर ओपनिंगचं, म्हणजे मुख्य कलाकाराच्या आधी गायचं, काम मिळालं आणि तिथून सगळं फिरलं. फेब्रुवारी 2025 मध्ये बेस्ट न्यू आर्टिस्टचं ग्रॅमी घेताना तिने थँक्यू थँक्यू करत वेळ घालवला नाही, लेबलांना तोंडावर सांगितलं की नव्या कलाकारांना जगण्यापुरता पगार आणि आरोग्याचा खर्च द्या. त्या दिवसापासून ती माझ्यासाठी वेगळ्याच यादीत आहे.

दुसरी ब्रिटनची रे. 2014 पासून एका बड्या लेबलकडे अडकलेली, दुसऱ्यांसाठी गाणी लिहितेय, डान्स ट्रॅकवर आवाज देतेय, पण स्वतःचा अल्बम काही काढू देत नाहीत. 2021 मध्ये तिने हे सगळं उघडपणे लिहून टाकलं, बाहेर पडली, स्वतंत्रपणे अल्बम केला, फेब्रुवारी 2023 मध्ये काढला, आणि मार्च 2024 च्या ब्रिट अवॉर्ड्सला एका रात्रीत सहा पुरस्कार घेऊन गेली. एका रात्रीत सहा आधी कुणालाच मिळाले नव्हते. तिचं लाइव्ह गाणं ऐका काका, मागे ब्रास सेक्शन, स्ट्रिंग्ज, आणि ती मध्येच गाणं थांबवून प्रेक्षकांशी बोलते, परत तिथूनच उचलते. तुमच्या वेळचं जे तुम्ही मिस करताय ना ते तिच्याकडे सगळं आहे.

तिसरी डोची. रॅप करते. रॅप नको म्हणून पान उलटू नका प्लीज, डिसेंबर 2024 चा तिचा टायनी डेस्कचा (ऑफिसातल्या टेबलापाशी होणारे छोटे लाइव्ह शो, खाली सांगते) सेट बघा, पंधरा-एक मिनिटं द्या फक्त. रेकॉर्डिंगमधली गाणी तिने तिथे लाइव्ह बँडसाठी अक्षरशः नव्याने बांधलीत, आणि श्वासावरचा ताबा बघा. पुढच्याच फेब्रुवारीत बेस्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी तिला मिळालं.

आता एकसारखं का वाटतं. ह्यात तुमचं काही चुकत नाहीये, कारण खरंच आहे. स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो, म्हणजे तेवढ्यात ऐकणारा पळाला तर काहीच हाती नाही, त्यामुळे इंट्रो कापले जातात, हुक, म्हणजे गाण्यातला डोक्यात बसणारा तुकडा, आधी आणून ठेवतात, आणि त्यात ॲप तुम्हाला काल जे ऐकलं त्याच्याच जवळचं आज वाढतं. महिनाभर असं झालं की कुणालाही वाटेल जग एकाच सुरात गातंय. एखाद्याचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, शफल बंद करून ऐकून बघा.

प्रश्न : लाइव्ह लाइव्ह म्हणतेस, पण अर्धे तर लिपसिंकच करतात ना? खरं गातायत की नाही हे ओळखायचं कसं? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी)

हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे थोडं लांबेल.

आधी एक गोष्ट वेगळी करूया, बॅकिंग ट्रॅक आणि लिपसिंक ह्या एकच गोष्टी नाहीत. आज मोठ्या स्टेजवरचा जवळजवळ प्रत्येक पॉप शो काही ना काही ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं, वाजवतो, जसं कोरस, सिंथचे थर, एखादं वाद्य जे बँडमध्ये नाहीये ते. ड्रमरच्या कानात क्लिक चालू असते, ठक ठक ठक, त्यावर लाइट, व्हिडिओ, धूर, सगळं बांधलेलं असतं. ह्यात फसवणूक काही नाही, त्याशिवाय स्टेडियमचा शो उभाच राहत नाही. मुख्य आवाजसुद्धा रेकॉर्ड केलेला आणि माइक नुसताच हातात, हे मात्र मला चालत नाही, आणि तीन तास नाचत गाणाऱ्यांनी मधले नाचाचे तुकडे ट्रॅकवर टाकले तर मी समजून घेते पण सगळा शो तसा असेल तर मग मी घरीच ऐकते ना.

ओळखायचं कसं? माइककडे बघ. गाणारा जोरात स्वर लावताना माइक तोंडापासून लांब नेतो आणि हळू ओळीला जवळ आणतो, आणि त्याबरोबर आवाज बदलायला पाहिजे. माइक पार छातीपाशी गेला तरी आवाज तस्साच तर समजून जा. मग श्वास ऐक. धावत येऊन लगेच गायलेली ओळ थोडी तुटते, शब्दाचं शेवटचं अक्षर खाल्लं जातं, हे सगळं चांगलं लक्षण आहे. तिसरं म्हणजे कान. बऱ्याच गायकांच्या कानात इन-इअर मॉनिटर असतो, त्यातून त्यांना स्वतःचा आवाज आणि बँड ऐकू येतो, आणि मध्येच एक बाजू काढून ते प्रेक्षकांचं गाणं ऐकतात. असं काढल्यावर पुढच्या एकदोन ओळी कशा येतात बघ, सूर थोडा सरकतो, परत पकडला जातो. ते बघताना माझ्या अंगावर काटा येतो कारण तेवढ्या वेळात तो माणूस खरोखर काहीतरी सांभाळत असतो.

आणि घरबसल्या टेस्ट करायची तर टायनी डेस्कच. अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओच्या ऑफिसमधलं एक टेबल, 2008 पासून चालू आहे. सुरुवातसुद्धा मस्त झाली होती, दोघे एनपीआरवाले एका बारमध्ये लॉरा गिब्सन नावाच्या गायिकेला ऐकायला गेले आणि गर्दीच्या गोंगाटात त्यांना तिचा आवाजच ऐकू येईना, तर एकजण गंमतीत म्हणाला तू आमच्या ऑफिसात येऊनच गा, आणि ती खरंच आली. तिथे गायकासमोर मोठे स्पीकर नसतात, समोरच्याला आवाज स्पीकरशिवायच ऐकू जातो, त्यामुळे ड्रमरला हळू वाजवावं लागतं, सगळ्यांना एकमेकांकडे कान द्यावा लागतो. ज्यांचं गाणं नुसत्या प्रॉडक्शनवर उभं असतं ते तिथे उघडे पडतात. कुणी नवा आवडला की मी पहिलं हे शोधते, तिथला सेट नसेल तर कुठल्याही रेडिओ स्टेशनवरचं लाइव्ह सेशन.

प्रश्न : मेन आर्टिस्ट नऊला येतो, मग सातला जाऊन अनोळखी ओपनिंग ॲक्टसमोर का उभं राहायचं? मी तर सरळ उशिरा जातो.

नको जाऊ ना असा! ह्या एका प्रश्नासाठी मी अख्खा अंक लिहू शकते.

वर चॅपल रोनचं सांगितलं. 2024 च्या त्या टूरला जे उशिरा आले ते तिला ऐकायचेच राहिले, आणि काही महिन्यांत तिच्यासाठी तेच लोक तिकिटाच्या रांगेत होते. सब्रिना कार्पेंटर 2023 मध्ये टेलर स्विफ्टच्या एरास टूरवर ओपनिंग करत होती. तिचं पहिलं रेकॉर्ड 2014 चं, 2024 चा जो अल्बम तुफान चालला तो तिचा सहावा, आणि तरी पुढच्या ग्रॅमीला ती बेस्ट न्यू आर्टिस्टच्या नॉमिनेशनमध्ये होती. एड शीरनसुद्धा 2013 मध्ये स्विफ्टच्याच टूरवर ओपनिंगला होता. अजून मागे जायचं तर जुलै 1967 मध्ये गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्स मंकीज ह्या पॉप बँडच्या टूरवर ओपनिंग करत होता, समोरची पोरं मंकीजच्या नावाने ओरडत होती, थोड्याच शोनंतर हेंड्रिक्सने ती टूर सोडली. त्या पोरांसमोर हेंड्रिक्स गिटार वाजवत होता, कल्पना कर.

ओपनिंगवाल्याची अवस्था पण समजून घे. अर्धा हॉल रिकामा, लाइट पूर्ण मिळत नाहीत, हेडलायनरचं, म्हणजे मुख्य कलाकाराचं, सामान आधीच मांडलेलं असतं त्यामुळे पुढच्या चिंचोळ्या पट्टीत उभं राहायचं, साउंडचेकला मिळाली तर दहा मिनिटं, आणि समोर सगळे फोनमध्ये. अशात अर्ध्या तासात जो माणूस हॉलला मान वर करायला लावतो तो पुढे जातोच असं माझं ठाम मत आहे. आवडला नाही तर नाही आवडला, पण ऐकून ठरव.

प्रश्न : तिकिटं दोन मिनिटांत संपतात आणि दुसऱ्या मिनिटाला रीसेलवर चौपट भावात दिसतात. सामान्य फॅनने काय करायचं? (पाच-सहा जणांनी विचारलंय)

राग अगदी बरोबर आहे, माझाही तेवढाच आहे.

नोव्हेंबर 2022 मध्ये टेलर स्विफ्टच्या एरास टूरच्या प्रीसेलला, म्हणजे सर्वसामान्य विक्रीच्या आधीच्या विक्रीला, अमेरिकेत काय झालं ते आठवतंय का, तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीने सांगितलं की त्यांच्या सिस्टीमवर त्या दिवशी साडेतीन अब्ज रिक्वेस्ट आल्या, माणसं आणि बॉट (आपोआप तिकिटं उचलणारे प्रोग्राम) सगळे मिळून, सिस्टीम झोपली, नंतर सर्वसामान्य विक्रीच रद्द केली, जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि मे 2024 मध्ये सरकारने तिकीटमास्टरची मालक कंपनी लाइव्ह नेशनवर मक्तेदारीचा खटला टाकला. ऑगस्ट 2024 ला ओएसिस ह्या ब्रिटिश बँडच्या रियुनियनच्या तिकिटांना डायनॅमिक प्रायसिंग, म्हणजे मागणी वाढली की वाढणारी किंमत, लावलं, लोक तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबले आणि नंबर लागला तेव्हा तिकीट दुपटीच्या वर गेलेलं. मला ह्यातली सगळ्यात जास्त डाचणारी गोष्ट हीच, की किंमत किती ते रांगेत उभं राहताना सांगितलंच जात नाही. महाग असेल तर असो, पण आधी सांगा.

उपाय नाही असं नाही. आयर्लंडने 2021 मध्ये कायदाच केला, हजार किंवा जास्त माणसं मावणाऱ्या ठिकाणच्या शोचं छापील किमतीपेक्षा जास्त दराने तिकीट परत विकता येत नाही. ब्रिटनने नोव्हेंबर 2025 मध्ये तशीच मर्यादा आणायचं जाहीर केलं. अमेरिकेत मे 2025 पासून तिकिटाची किंमत दाखवतानाच सगळी फी धरून दाखवावी लागते. म्हणजे कायद्याने होऊ शकतं, आणि कलाकारांनी आवाज काढला तर अजून लवकर होतं.

तोपर्यंत आपण काय करायचं, तर पहिल्या दिवशी मिळालं नाही म्हणून घाबरून कुणाच्याही मेसेजवर पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे. शोच्या आठवड्यात अधिकृत साइट रोज उघडा. स्टेज पूर्ण उभं राहिलं की कुठून काय दिसतंय ते आयोजकांना कळतं, कॅमेरे आणि साउंडच्या टेबलसाठी राखून ठेवलेल्या जागा मोकळ्या होतात, पाहुण्यांसाठी ठेवलेली तिकिटं परत येतात, आणि हे सगळं गाजावाजा न करता विक्रीला टाकतात. अधिकृत रीसेल असेल तर शेवटच्या दोन दिवसांत भाव खाली येतात कारण शो झाल्यावर त्या तिकिटाची किंमत शून्य. आणि एकटं तिकीट शोधा, चार जणांचं एकत्र मिळणं फार कठीण.

पण माझं खरं उत्तर वेगळंय. जेवढा जीव त्या एका स्टेडियमच्या तिकिटासाठी टाकताय त्यातला थोडा लहान हॉलकडे वळवा ना. दीडशे-दोनशे माणसांच्या खोलीत नव्या माणसाला ऐकायला रांग नसते, बॉट नसतात, आणि गाणाऱ्याच्या गळ्याची शीर दिसते इतक्या जवळ तुम्ही उभे असता.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, तिला मोठ्या कॉन्सर्टला अगदी पुढे उभं राहायचंय. मला भीती वाटते. सोडू का? (एक आई)

काकू, सोडा, पण तयारीने सोडा. भीती खोटी नाहीये. 5 नोव्हेंबर 2021 ला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड फेस्टिव्हलमध्ये गर्दीच्या दाबाने दहा जणांचा जीव गेला. 2000 साली डेन्मार्कच्या रॉस्किल्डे फेस्टिव्हलला नऊ जण गेले. ह्यात लोकांना वाटतं चेंगराचेंगरी म्हणजे पळापळ, पायदळी तुडवणं, पण बहुतेक वेळा माणसं उभ्या उभ्याच गुदमरतात, चारी बाजूंनी इतका दाब येतो की छाती फुगायला जागाच राहत नाही.

म्हणून मुलीला हे नीट शिकवा. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसांच्या वर गेलं की धोका सुरू होतो, पण तिथे मोजत कोण बसणार, त्यामुळे साधी खूण : आपले हात वर उचलून चेहऱ्यापर्यंत आणता येतायत का? येत नसतील, किंवा गर्दी लाटेसारखी हलतेय आणि आपण स्वतःच्या पायावर ठरवून उभे नाही असं वाटलं, तर तेव्हाच निघायचं, गाणं कितीही आवडतं असलं तरी. निघताना गर्दीच्या विरुद्ध ढकलत मागे जायचं नाही, लाट थांबली की तिरकं, कडेकडेला सरकायचं. दोन्ही हात छातीसमोर मुठी करून ठेवायचे म्हणजे श्वासापुरती जागा राहते. काही पडलं तर वाकायचं नाही, फोन पडला तरी. बॅरिकेडपाशी सिक्युरिटीवाले उभे असतात, त्यांच्याकडे हात केला तर ते वर ओढून बाहेर काढतात, त्यात लाज काही नाही. आणि अगदी पुढे, बरोब्बर मध्यभागी उभं राहण्यापेक्षा पुढे पण एका कडेला उभं राहिलेलं चांगलं, तिथूनही छान दिसतं आणि बाहेर पडता येतं.

दुसरी गोष्ट कान, ह्याच्याकडे कुणी बघतच नाही. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पण दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. कॉन्सर्ट सहज तिथपर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा जागांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, त्याबरोबर प्रेक्षकांना इअरप्लग द्या आणि कानांना विश्रांती द्यायला शांत जागा ठेवा असंही सांगितलं. कोल्डप्लेच्या ख्रिस मार्टिनला टिनिटस आहे, कानात सतत आवाज, आणि त्याने स्वतः उघडपणे लोकांना कान जपायला सांगितलंय. संगीतासाठीचे वेगळे इअरप्लग मिळतात, ते सगळा आवाज सारखा कमी करतात, फोमच्या प्लगसारखा बोळा घातल्यासारखा आवाज येत नाही. मी ते घालूनच जाते आणि शपथेवर सांगते, शब्द उलट जास्त स्पष्ट ऐकू येतात.

बाकी नेहमीचंच, पाणी प्यायचं, रिकाम्या पोटी उभं राहायचं नाही, आत गेल्या गेल्या बाहेर जायचे दोन रस्ते बघायचे, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवायचं कारण आत नेटवर्क बसतं. पहिल्या वेळेस तुम्हीपण बरोबर जा ना काकू, ती पुढे, तुम्ही मागे. तुम्हाला आवडेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : भाषाच कळत नसेल तर त्या शोला जाऊन काय मजा?

खूप मजा. स्पॅनिशमध्ये गाणाऱ्या बॅड बनीने 2025 मध्ये प्वेर्तो रिकोला एकाच जागी 31 शो केले, पहिले नऊ आणि अगदी शेवटचा फक्त तिथल्या रहिवाशांसाठी, बाकीचे ऐकायला लोक जगभरातून गेले, त्यातल्या कितीतरी जणांना स्पॅनिशचा गंधही नसेल. के-पॉपचे फॅन तर कोरियन फॅनचँट पाठ करून जातात, कुठल्या ओळीनंतर कुठलं नाव ओरडायचं ते ठरलेलं असतं, आणि हजारो लोक ते एका ठेक्यात करतात. आपला रॅपर हनुमानकाइंड एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेतल्या कोचेला फेस्टिव्हलला वाजला तेव्हा समोरच्यांना केरळचा चेंडा म्हणजे काय ते माहीत नसणार, पण तो ढोल सुरू झाल्यावर कुणाला सांगावं लागलं नाही. शब्द नंतर शोधता येतात.

प्रश्न : मी स्वतः गाणी लिहून टाकतो, प्रत्येकाला तीनशे-चारशे स्ट्रीम येतात आणि थांबतात. सोडून देऊ का? (वय एकोणीस)

अजिबात नाही.

आकड्याचं आधी बोलू. 2024 पासून स्पॉटिफायवर एखाद्या ट्रॅकला गेल्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्याचे पैसेच मोजत नाहीत. म्हणजे तुझ्यासारख्याला तिथून काही येणार नाही हे धरूनच चाल, आणि मला हा नियम पटत नाही हेपण सांगून ठेवते, कारण सुरुवात सगळ्यांची हजाराच्या खालीच होते. बिली आयलिशने 2015 मध्ये तेराव्या वर्षी जे गाणं साउंडक्लाउड ह्या साइटवर टाकलं ते तिच्या डान्स टीचरसाठी होतं, भावाने घरातच रेकॉर्ड केलेलं, आणि जानेवारी 2020 मध्ये अठरा वर्षांची असताना तिने ग्रॅमीचे चारही मोठे पुरस्कार एकदम घेतले. प्रत्येकाचं असं होत नाही, होणारही नाही, पण सुरुवातीला समोर मोजकीच माणसं असणं ह्यात काही कमीपणा नाही.

मला प्रेक्षकांतून काय दिसतं ते सांगते. वीस मिनिटांचा सेट बसव, चार-पाच गाणी, त्यापेक्षा जास्त नको. सगळ्यात चांगलं गाणं शेवटी राखून ठेवू नकोस, पहिलं किंवा दुसरं म्हण, कारण अनोळखी लोक तेवढाच वेळ देतात. दोन गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग करताना गप्प उभं राहतात ना, तिथे हॉल हातातून जातो, तिथे काय बोलायचं ते ठरवून ठेव. नाव दोनदा सांग, सुरुवातीला आणि शेवटी, मी कितीतरी वेळा घरी येऊन शोधत बसलेय की तो तिसरा मुलगा कोण होता. आणि शो झाला की लगेच बॅग भरून पळू नकोस, दाराशी थांब, ज्यांना आवडलं ते येतात बोलायला, आणि असे दहा लोक तीनशे स्ट्रीमपेक्षा खूप जास्त आहेत कारण ते पुढच्या वेळी अजून दोघांना घेऊन येतात.

लहान जागा मात्र टिकल्या पाहिजेत, नाहीतर हे सगळं करणार कुठे. ब्रिटनमध्ये म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट नावाची संस्था 2014 पासून ह्यासाठीच भांडतेय, त्यांचं म्हणणं आहे की स्टेडियम-अरीनाच्या प्रत्येक तिकिटातला थोडासा वाटा लहान हॉलना द्या. कोल्डप्लेने 2025 च्या आपल्या ब्रिटनमधल्या शोंच्या कमाईतला दहा टक्के हिस्सा त्यांना दिला. सगळ्या मोठ्यांनी करावं असं मला वाटतं, तेपण एकेकाळी तिथेच वाजवत होते ना.

प्रश्न : एआयने केलेलं गाणं आवडलं तर बिघडलं काय? आणि ते ॲबाच्या डिजिटल शोला लाइव्ह म्हणायचं का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2025 च्या मध्यावर द व्हेल्व्हेट सनडाउन नावाचा एक 'बँड' स्पॉटिफायवर आला, बघता बघता महिन्याचे दहा लाखांवर श्रोते झाले, लोक विचारायला लागले हे आहेत कोण, कुठे वाजवतात, आणि मग त्यांच्याच पानावर कबूल केलं की हे एआयच्या मदतीने बनवलेलं आहे. गाणं आवडलं ह्यात आवडणाऱ्याचा काहीच दोष नाही. पण माझ्यासाठी मजा संपते ती इथे, की पुढे काय? पुढचा अल्बम करताना ह्याच्या आयुष्यात काय घडलेलं असणार, दोन वर्षांनी ह्याचा आवाज कसा पिकलेला असणार, ह्याला मी समोर उभी राहून कधी ऐकणार? आणि आधी सांगायला हवं होतं, हे तर आहेच.

ॲबा ह्या स्वीडनच्या जुन्या पॉप बँडचं वेगळं आहे. मे 2022 पासून लंडनमध्ये खास त्याच शोसाठी बांधलेल्या तीन हजारांच्या हॉलमध्ये तो चालतो. बँडमधल्या चौघांना मोशन कॅप्चरचे, म्हणजे हालचाली टिपणारे, सूट घालून पाच आठवडे नाचवलं-गाववलं, त्यावरून त्यांची तरुणपणची डिजिटल रूपं तयार केली, आणि ती प्रचंड स्क्रीनवर दिसतात, हॉलोग्राम म्हणतात सगळे पण तो नाहीये. आणि त्यांच्याबरोबर दहा जणांचा खराखुरा बँड रोज वाजवतो. कुणाला फसवलेलं नाही, त्या चौघांनी स्वतः ठरवून केलंय. मी त्याला लाइव्ह बँडबरोबरचा एक उत्तम शो म्हणेन. गेलेल्या कलाकाराला त्याला न विचारता असं उभं करणं मात्र मला बघवत नाही.

प्रश्न : शोमध्ये फोनवर रेकॉर्ड करणाऱ्यांबद्दल तुझं मत?

एक गाणं करा, ठेवा खिशात. हात वर करून दोन तास शूट केलेलं कुणी परत बघत नाही आणि मागच्याला तुमची स्क्रीन सोडून काही दिसत नाही. जॅक व्हाइट, बॉब डिलन ह्यांच्या बऱ्याच शोंमध्ये तर फोन कुलूपबंद पाऊचमध्ये घालून आपल्याच हातात दिलेत, बाहेर पडताना उघडून मिळायचे. पण नव्या, लहान कलाकाराच्या शोला मी उलटं सांगेन, एक छान मिनिट शूट करा, त्याला टॅग करून टाका, त्याच्याकडे जाहिरातीला पैसे नसतात.

प्रश्न : माझ्या आवडीचं म्युझिक ग्रुपमध्ये कुणालाच आवडत नाही. एकटीने गेलं तर विचित्र दिसेल का गं?

कुणी बघत नसतं गं, सगळे स्टेजकडे बघत असतात! मी तर लहान शोंना मुद्दाम एकटी जाते, उगाच कुणाला आवडतंय की नाही ह्याकडे लक्ष ठेवावं लागत नाही. साउंडवाल्याच्या टेबलच्या जरा पुढे जागा पकड, तो स्वतः जे ऐकतोय त्यावरूनच मिक्स करत असतो, त्यामुळे हॉलमधला सगळ्यात नीट आवाज तिथे येतो, आणि मागे टेबल असल्यामुळे धक्काबुक्कीही कमी. घरी कुणाला तरी कुठे जातेय आणि किती वाजता सुटणार ते सांगून ठेव, परत यायची गाडी आधीच बघून ठेव, फोन फुल चार्ज कर. आणि सातचा शो असेल तर पावणेसातला आत असशील असं बघ, ओपनिंगला कोण आहे ते मला नक्की कळव.